जागच्या जागी धावण्याचा हिशेब

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील व्यायामशाळांतून, आणि अलीकडे कित्येक घरांच्या दिवाणखान्यांतूनही, एक यंत्र मांडलेले आढळते. त्यावर मनुष्य अर्धा-पाऊण तास धावतो, घामाने निथळतो, आणि अखेर उतरतो तो जेथे चढला होता तेथेच. यंत्राच्या दर्शनी काचेवर मात्र धावलेले अंतर, धावण्याचा वेग आणि खर्च झालेले उष्मांक, म्हणजेच कॅलरी, यांचे आकडे झळकत असतात. ट्रेडमिल या नावाने हे यंत्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्याच्या आकड्यांवर धावणाराची जी श्रद्धा असते, तेवढी वाण्याच्या वहीवर कोणी ठेवीत नाही. यंत्राने ३०० उष्मांक खर्ची टाकले, म्हणजे रात्री पोळीवर तुपाची धार थोडी मोठी धरण्यास हरकत नाही, असा सोयीस्कर निवाडा पुष्कळ घरांत होत असतो.

परंतु या यंत्रांच्या जाती अनेक आहेत. काहींचा पट्टा विजेच्या मोटारीने फिरतो, तर काहींचा धावणाराच्या पायांनी. काहींची फळी सपाट, काहींची चढती, तर काहींची झोळीसारखी खोलगट. काहींचा तळ कठीण, तर काहींचा लवचिक. या सर्वांच्या काचेवर ताशी ८ किलोमीटर हाच एक आकडा दिसत असला, तरी शरीराला पडणारे श्रमही एकच असतात काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आणि ते तसे का, हे समजून घेणे ही केवळ कुतूहलाची बाब नव्हे. वजन उतरविण्यासाठी पहाटे उठणारा गृहस्थ आणि हृदयाच्या तपासणीसाठी पट्ट्यावर चढलेला रोगी, या दोघांचेही हित त्या आकड्याच्या खरेपणाशी निगडित आहे.

एकाच नावाखाली निरनिराळे श्रम खपविले जातात, ही तक्रार जवळजवळ यंत्राइतकीच जुनी आहे. ट्रेडमिलचा जन्म व्यायामशाळेत नव्हे, तुरुंगात झाला. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास बरी सेंट एडमंड्स येथील तुरुंगासाठी एक लांबलचक चाक तयार केले. या चाकाच्या परिघावर पायऱ्या बसविलेल्या असत. कैद्यांनी डोक्याजवळच्या आडव्या दांड्याला धरून रांगेने उभे राहावयाचे आणि पायाखालून खाली जाणाऱ्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढत राहावयाचे. थांबण्याची सोय नाही, कारण पायरी थांबत नाही. १८२१ मध्ये लंडनमधील ब्रिक्स्टन तुरुंगात असे चाक बसले आणि पाहता पाहता ते इंग्लंडभर पसरले. काही ठिकाणी त्यावर धान्य दळले जाई, काही ठिकाणी पाणी उपसले जाई. आणि काही ठिकाणी ते केवळ वारा कापीत फिरत असे. कैदी दिवसभर चढत राही आणि संध्याकाळी जमिनीपासून एक इंचही वर गेलेला नसे.

‘सक्त मजुरी’ हा शब्द न्यायाधीशाच्या तोंडी सर्वत्र सारखाच होता. परंतु एका तुरुंगातील चाक मंद, तर दुसऱ्यातील वेगवान. एका ठिकाणी तास कमी, दुसऱ्या ठिकाणी अधिक. त्यामुळे एका गावच्या कैद्याला दुसऱ्या गावच्या कैद्याहून दुपटीपेक्षाही अधिक चढण दररोज चढावी लागे. गुन्हा एक, शिक्षेचे नाव एक, पण शरीराला भरावा लागणारा दंड निराळा. एडवर्ड स्मिथ या इंग्रज वैद्याने १८५० नंतरच्या दशकात हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत आणला. लंडनमधील कोल्डबाथ फील्ड्स या तुरुंगातील चाकाचा अभ्यास करताना तो स्वतः त्यावर चढला आणि तोंडावर मुखवटा लावून आपण किती हवा आत घेतो व किती कर्बाम्लवायू बाहेर टाकतो हे त्याने मोजले. चाकावरील श्वसन विश्रांतीच्या कित्येक पटींनी वाढते असे त्याला आढळले.

त्या श्रमांची कल्पना साध्या गणितानेही येते. ६० किलो वजनाचा कैदी दिवसातून २,००० मीटर चढला, असे धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्याचे यांत्रिक कार्य सुमारे २८० उष्मांकांचे होते. मनुष्याचे स्नायू मात्र अन्नातील शक्तीचा जेमतेम चौथा किंवा पाचवा हिस्साच अशा कार्यात उतरवू शकतात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे कैद्याला चाकापोटी ११०० ते १४०० उष्मांकांचे अन्न जादा लागणार. तुरुंगातील शिधा त्या मानाने तोकडा असला, तर ती तूट त्याच्या मांसातून भरून निघणार हे उघड आहे. १८९८ च्या कारागृह-कायद्यानंतर ही शिक्षा इंग्लंडात बंद पडली. तथापि, श्रमाचे नाव नव्हे, श्रमाचे माप पाहिले पाहिजे, हा धडा मात्र तिने शास्त्राच्या पदरात टाकला.

हे माप घेण्याची रीत पुढे अधिकाधिक सुधारत गेली. १८८९ मध्ये बर्लिन येथे नाथान त्सुंट्झ या शरीरशास्त्रज्ञाने आपला सहकारी लेहमान याच्यासह घोड्याच्या चालण्याचे श्रम मोजण्यासाठी फिरत्या पट्ट्याचे यंत्र वापरात आणले. त्यामुळे चालणारा प्राणी जागेवर राहू लागला आणि श्वास मोजण्याची उपकरणे त्याच्या मागे धावत नेण्याची गरज उरली नाही. १९११ मध्ये डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञाने श्वास साठविण्याची एक पिशवी प्रचारात आणली. ती पाठीवर बांधून मनुष्य मैदानातही धावू शके. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या ए. व्ही. हिल यांनी १९२०-३० या दशकात धावणाऱ्या माणसाला किती प्राणवायू लागतो याचे गाजलेले प्रयोग केले. अमेरिकेत हार्वर्ड येथे १९२७ पासून १९४७ पर्यंत चाललेल्या श्रम-प्रयोगशाळेत ट्रेडमिल हे तर मुख्य साधनच होते. या सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व सोपे आहे. शरीरातील अन्नाचे ज्वलन प्राणवायूवाचून होत नाही. आणि एक लिटर प्राणवायू खर्च झाला, की सुमारे ५ उष्मांक शक्ती मोकळी होते. श्वास मोजला की श्रम मोजले गेले.

या मोजमापांतून जो नियम हाती आला, तो घरगुती हिशेबाला फार सोयीचा आहे. इटालियन शास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, सपाट जागी धावणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ उष्मांक खर्च येतो, आणि हा खर्च वेगावर फारसा अवलंबून नसतो. ६० किलोचा मनुष्य ४ किलोमीटर धावला, की सुमारे २४० उष्मांक गेले. मग तो अर्ध्या तासात धावो की वीस मिनिटांत. वेगाने धावणारा दर मिनिटाला अधिक खर्च करतो खरा, पण त्याची मिनिटे कमी असतात. रमतगमत चालणाराला मात्र त्याच अंतरासाठी याच्या सुमारे निम्माच खर्च येतो.

आता ट्रेडमिलविषयीचा सर्वांत रूढ आक्षेप पाहावयाचा. पट्टा आपोआप मागे सरकतो, पाय मागे ओढण्याचे काम मोटारच करते, धावणाराने नुसते पाय उचलावयाचे. तेव्हा हे धावणे लटके होय, असे पुष्कळांना वाटते. हा आक्षेप ऐकावयास जितका सयुक्तिक, तितकाच विचारांती पोकळ आहे. डेक्कन क्वीन पुण्याकडे धावत असताना एखादा प्रवासी डब्यातल्या डब्यात इंजिनाच्या विरुद्ध दिशेला चालू लागला, तर त्याला चालण्याचे श्रम गाडी उभी असताना पडतील तेवढेच पडतात. गाडीचा वेग त्याच्या पायांना ना मदत करतो, ना अडथळा. वेग एकसारखा आहे तोवर, फिरणारी जमीन आणि स्थिर जमीन यांतील भेद शरीराला कळूच शकत नाही. हॉलंडमधील शास्त्रज्ञ वान इंगेन स्खेनाऊ यांनी १९८० मध्ये हेच तत्त्व ट्रेडमिलला लावून दाखविले. पट्ट्याचा वेग स्थिर असेल, तर पट्ट्यावरचे धावणे आणि रस्त्यावरचे धावणे यांत हवेचा विरोध वगळता यंत्रशास्त्रदृष्ट्या कोणताही फरक नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षातील ‘स्थिर असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दणकट मोटारीच्या यंत्रात ही अट बहुतांशी पाळली जाते. घरगुती वापराच्या हलक्या यंत्रात मात्र धावणाराचे पाऊल पडताच पट्टा क्षणभर रेंगाळतो आणि पाऊल उचलताच पुन्हा उसळी घेतो. पायाखालची जमीन अशी दर पावलाला डळमळू लागली, की धावणाराची चाल बदलते आणि हिशेबाचा पायाही थोडा ढळतो. शिवाय पट्ट्यावर प्रथमच चढलेला मनुष्य बिचकत, अंग आखडून धावतो. त्याच्या श्रमाचे माप काही दिवसांच्या सरावानंतरच विश्वसनीय होते.

राहता राहिला वारा. मोकळ्यावर धावणारा मनुष्य हवा कापीत जातो; पट्ट्यावरचा माणूस हवेच्या दृष्टीने जागचा हललेलाच नसतो. हा वाचलेला खर्च किती, याचे माप ग्रिफिथ प्यू यांनी १९७० च्या सुमारास घेतले. हे तेच शास्त्रज्ञ, जे १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेबरोबर शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेले होते. ताशी २१ किलोमीटरच्या पुढे, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगाने धावताना, एकंदर शक्तीपैकी शेकडा ७ ते ८ हिस्सा हवेशी झगडण्यात जातो असे त्यांना आढळले. आणि दुसऱ्या धावपटूच्या अगदी पाठोपाठ धावल्यास यातील बराचसा वाचतो, हेही त्यांनी दाखविले. पुढे १९९६ मध्ये इंग्लंडातील जोन्स व डाउस्ट या शास्त्रज्ञांनी सरावलेल्या धावपटूंवर प्रयोग करून असे सांगितले की, पट्ट्याला शेकडा १ एवढा चढ दिला, म्हणजे मैदानातील धावण्याचा खर्च जवळजवळ बरोबर साधतो.

हा शेकडा १ चढाचा नियम आता व्यायामशाळांतून वेदवाक्यासारखा सांगितला जातो. परंतु तो कोणासाठी होता याचा विसर पडलेला दिसतो. जोन्स आणि डाउस्ट यांचे धावपटू ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर या वेगांनी धावत होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा वेग उतरला की तो झपाट्याने नाहीसा होतो. ताशी ८ किलोमीटरने धावणाऱ्या संसारी माणसाच्या बाबतीत हवेचा वाटा प्यू यांच्या मापावरून शेकडा १ च्या आसपासच निघतो. त्याने पट्टा सपाट ठेवला, तरी मैदानाच्या मानाने त्याची फसगत होत नाही. चढ द्यावयाचा तर तो अधिक श्रमांसाठी खुशाल द्यावा. वाऱ्याची भरपाई म्हणून देण्याचे कारण नाही.

चढाची करामत मोठी विलक्षण आहे. शेकडा ५ चढाच्या पट्ट्यावर धावणारा मनुष्य छताच्या अधिक जवळ जात नाही. तरी त्याच्याकडून डोंगर चढण्याचे मोल पुरेपूर वसूल केले जाते. कारण तुरुंगाच्या चाकावर होते तसेच येथेही घडते. पट्टा त्याला सतत खाली नेत असतो आणि त्याला आपले सर्व वजन सतत वर उचलावे लागते. व्यायामशास्त्रात रूढ असलेल्या सूत्राप्रमाणे शेकडा १ चढामागे धावण्याचा निव्वळ खर्च सुमारे शेकडा साडेचारने वाढतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाचा ४ किलोमीटरचा २४० उष्मांकांचा खर्च शेकडा ५ चढावर २९४ च्या घरात जातो. वेग न वाढविता श्रम वाढविण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होय. आणि ज्यांच्या गुडघ्यांना वेग सोसत नाही त्यांना चढावर नुसते चालणेही पुष्कळ काम देते.

चढानंतर तळाचा विचार. कठीण फळीपेक्षा मऊ फळीवर धावणे स्वस्त पडते की महाग? गिरगावच्या चौपाटीवर धावून पाहिलेला मनुष्य तात्काळ ‘महाग’ असे उत्तर देईल, आणि वाळूपुरते ते खरेही आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाळूवर धावण्याचा खर्च कठीण जमिनीच्या १.६ पट भरला होता. परंतु मऊपणा दोन प्रकारचा असतो. वाळू पावलाखाली दबते ती दबलेलीच राहते. तिला दिलेली शक्ती बुडीत खाती जाते. लवचिक फळी मात्र दबते आणि पाऊल उचलण्याच्या क्षणी घेतलेली शक्ती परत करते. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित कर्डॉक, मॅकमहन इत्यादी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ट्रेडमिलची फळी टप्प्याटप्प्याने सुमारे साडेबारा पटींनी लवचिक केली, तेव्हा त्याच वेगाने धावण्याचा खर्च शेकडा १२ ने उतरला. गुडघ्यांना सुख देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या काचेवर हा उतार सहसा दिसत नाही. फळी किती दबते, हे आकडा मांडणाऱ्या गणिताला ठाऊकच नसते.

आतापर्यंत ज्या यंत्रांचा विचार झाला, त्यांत पट्टा फिरविण्याचे काम विजेकडे होते. ज्या यंत्रांना मोटारच नाही, त्यांचा हिशेब अगदी निराळा आहे. मोटारीच्या यंत्रात पट्टा आणि फळी यांमधील घर्षणाचा खर्च विजेच्या बिलावर पडतो; बिनमोटारीच्या यंत्रात तो धावणाराच्या अंगावर पडतो. पूर्वी घरोघर आलेली स्वस्त यंत्रे या जातीची होत. त्यांची फळी कायमची चढती ठेवलेली असते. कारण सपाट ठेवल्यास पट्टा जागचा हलणेच कठीण. दोन्ही हातांनी दांडी धरून पायांनी पट्टा मागे लोटावयाचा, असे ते चालणे असते. पट्ट्याखाली तेल घालण्यास कोणी विसरला, की मोटारीच्या यंत्रात मोटार तापते. येथे माणूस तापतो.

याच जातीचा सुधारलेला प्रकार म्हणजे खोलगट पट्ट्याचे यंत्र. हा पट्टा आडव्या पट्ट्यांची माळ गुंफून केलेला असून लोखंडी गोळ्यांच्या आधाराने सहज फिरतो. धावणारा पुढच्या चढत्या भागावर पाऊल टाकतो, त्याच्या भाराने पट्टा खाली व मागे घसरतो, आणि वेग आपोआप निर्माण होतो. पुढे सरकले की वेग वाढतो, मागे राहिले की कमी होतो. वरकरणी हे सर्व फार सहज भासते. परंतु पट्टा फिरता ठेवण्याचा सर्व भार माणसावर असल्यामुळे आणि प्रत्येक पाऊल चढावर पडत असल्यामुळे श्रम बरेच वाढतात. सपाट मोटारीच्या पट्ट्याशी वेग सारखा ठेवून केलेल्या कित्येक प्रयोगांत या यंत्रावरचा प्राणवायूचा खर्च चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने अधिक भरला आहे. आधीच्या उदाहरणातील २४० उष्मांक येथे ३०० ते ३२० होतील. यात एक लहानसा अन्यायही दडलेला आहे. पट्ट्याचे जडत्व आणि घर्षण यांचा बराचसा भाग सर्वांना सारखाच असतो. तेव्हा अंगाने हलक्या असलेल्या माणसाला तो आपल्या वजनाच्या मानाने अधिक जड जातो. शेजारच्या धिप्पाड गृहस्थाचा वेग पाहून एखाद्या किरकोळ बांध्याच्या तरुणीने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

उलट दिशेची यंत्रेही आहेत. काही रुग्णालयांतून धावणाराच्या कमरेखालचा भाग हवाबंद कोशात घेऊन हवेच्या दाबाने त्याचे वजन उचलून धरणारी ट्रेडमिल वापरतात. नासा या अमेरिकन संस्थेतील संशोधनातून ही कल्पना पुढे आली. वजन जितके उचलले जाईल तितका धावण्याचा खर्च घटतो. मोडलेले हाड सांधून नुकताच उभा राहिलेला रोगी त्यावर निर्धास्त चालू शकतो. अंतराळात तर वजनच नसते. तेथे पट्ट्याच्या बाजूंना बांधलेल्या ताणपट्ट्यांनी माणसाला खाली ओढून धरावे लागते, एरव्ही पहिल्याच पावलासरशी तो छताला जाऊन लागेल. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स यांनी अंतराळस्थानकातील अशा पट्ट्यावर बोस्टन मॅरेथॉनचे ४२ किलोमीटरहून अधिक अंतर सुमारे ४ तास २४ मिनिटांत पुरे केले. तेथे धावणाराचे श्रम वेगाइतकेच त्या ताणपट्ट्या किती ओढतात यावर ठरतात. धावणे म्हणजे मुख्यतः आपलेच वजन पुनःपुन्हा तोलणे होय, हे याहून स्पष्टपणे कोठे दिसणार?

आणि हेच वजन यंत्राच्या बाजूच्या दांडीवर टाकले, तर? सर्वांत मोठी फसगत येथेच होते. दांडीला रेलून चालणारा मनुष्य आपल्या वजनाचा एक हिस्सा यंत्राच्या खांद्यावर देतो. चढाचा पट्टा असेल तर हातांनी स्वतःला पुढे ओढूनही घेतो. यंत्राला यातले काहीच कळत नाही. ते वेग पाहते, चढ पाहते आणि उष्मांक लिहून मोकळे होते.

व्यायामशाळेत ही फसगत फार तर एखाद्या चमचा तुपाची ठरते. रुग्णालयात तिचे मोल अधिक आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेली ट्रेडमिल-परीक्षा आज भारतातही ‘स्ट्रेस टेस्ट’ या नावाने सर्रास घेतली जाते. तीत पट्टा पहिली ३ मिनिटे ताशी २.७ किलोमीटर वेगाने शेकडा १० चढावर चालतो. पुढे दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. रोगी किती मिनिटे टिकला यावरून त्याच्या शरीराची श्रमशक्ती किती याचा अंदाज बांधतात. सामान्यतः ९ मिनिटे पुरी करणारा मनुष्य विश्रांतीच्या दसपट श्रम सोसू शकतो असे समजले जाते. पण हा अंदाज दांडीला न रेलणाऱ्या माणसाचा आहे. भीतीने दांडी घट्ट आवळून ज्याने ९ मिनिटे काढली, त्याच्या हृदयावर तेवढा भार पडलेलाच नसतो. कागदावर उतरते ती त्याच्या हातांची पुण्याई. तपासणी चालू असता परिचारिका ‘दांडीवर भार टाकू नका, बोटे नुसती टेकवा’ असे वारंवार सांगते, ते शिस्तीखातर नव्हे. ज्याचा तोल जातो त्याने आधार अवश्य घ्यावा. मात्र तसे डॉक्टरांच्या कानावर असावे, म्हणजे आकड्याचा अर्थ त्या बेताने लावता येतो.

नाडीच्या ठोक्यांवरून श्रम ओळखण्याचीही चाल आहे, परंतु तीही बंद खोलीत जपून वापरावी लागते. मोकळ्यावर धावणाराला स्वतःच्या वेगानेच वारा लागतो आणि घाम वाळून अंग निवते. पट्ट्यावर तो वारा नाही. मुंबईच्या दमट हवेत, पंख्यावाचून धावणाराचे अंग तापत जाते. तापलेले रक्त कातडीकडे धाडण्यासाठी हृदय अधिक जलद चालू लागते. नाडी वाढते, पण त्या प्रमाणात उष्मांकांचा खर्च वाढलेला नसतो. घाम आणि धाप ही श्रमाची साक्षीदार खरी; पण त्यांची साक्ष पारखून घेतली पाहिजे.

मग काचेवरील आकडा टाकाऊ समजावा काय? तसे नव्हे. तो एका सरासरी माणसाचा, सपाट व कठीण फळीवरचा, हात मोकळे ठेवून धावण्याचा अंदाज आहे. एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे त्याचा उपयोग होतो. वजन विचारल्यावाचून उष्मांक सांगणारे यंत्र कोणा तरी दुसऱ्याचेच उष्मांक सांगत असते, हे ओळखावे. पुष्कळ यंत्रे विश्रांतीचा खर्चही बेरजेत धरतात. अर्ध्या तासात ६० किलोचा मनुष्य नुसता बसून राहिला असता तरी सुमारे ३० उष्मांक गेलेच असते, तेवढे श्रेय धावण्याला देता येत नाही. दोन निरनिराळ्या यंत्रांवरील आकड्यांची तुलना तर करूच नये. तुलना करावयाची ती एकाच यंत्रावरील आपल्याच कालच्या आणि आजच्या धावण्याची.

ज्यांना यंत्रावाचून हिशेब हवा, त्यांना किलोमागे, किलोमीटरमागे एक उष्मांक हा नियम जन्मभर पुरेल. एका मोठ्या चमच्यातील १५ ग्रॅम तुपात १३५ उष्मांक असतात. ते फेडण्यास ६० किलोच्या माणसाला सव्वादोन किलोमीटर धावावे लागते. हे गणित निराश करण्यासाठी नाही. धावण्याचा लाभ केवळ चरबी जाळण्यात नसून, हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्या बळात आहे, आणि त्या लाभाची नोंद कोणत्याही काचेवर होत नाही. म्हणूनच तुपाशी वजाबाकी करण्याच्या हेतूने धावणारा लवकर थकतो, आणि अंगात ताकद यावी म्हणून धावणारा टिकतो.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एडवर्ड स्मिथने कैद्यांच्या चाकाविषयी जी गोष्ट दाखविली, ती आजच्या स्वखुशीच्या चाकालाही लागू आहे. श्रमाचे नाव एक असले म्हणून श्रम एक होत नाहीत. पट्टा कोण फिरवितो, फळी कशी आहे, चढ किती आहे आणि वजन कोण तोलते, या चार प्रश्नांची उत्तरे ज्याने दिली, त्याला आपल्या धावण्याचे मोल यंत्रापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.